सौंसरहून कालक्यापर्यंत : एका प्रवासाची आखणी

नागपूरहून उत्तरेस निघालेला प्रवासी सावनेरला आला की त्याच्यापुढे दोन वाटा उभ्या राहतात. डाव्या हाताची वाट पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे चढते. उजव्या हाताची सौंसर व रामाकोना मागे टाकून छिंदवाड्याचा घाट धरते. या दोन वाटांच्या कुशीत संत्र्यांच्या बागांचा एक मराठी मुलूख वसला आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा व सौंसर मात्र मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कागदावरच्या रेघा बदलल्या, परंतु ओट्यावरची बोली बदलली नाही.

सौंसरजवळच्या अशाच एका ओट्यावर गेल्या फाल्गुनात आम्ही बसलो होतो. बागेत मृग बहाराची तोडणी चालू होती, अंगणात फळांचे ढीग पडले होते, आणि घरातली मंडळी संत्री सोडून एका नकाशावर वाकली होती. घरच्या आजींचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या मनात एकच इच्छा उरली होती. नागपूर-छिंदवाडा या लहान रुळाच्या गाडीने त्या माहेरी जात असत. रूळ रुंद करण्यासाठी ती गाडी २०१५ साली बंद झाली. त्याच मापाच्या, म्हणजे अडीच फुटी रुळांवरून कालक्याहून शिमल्यास अजूनही गाडी चढते, असे नातवाने त्यांना सांगितले, आणि तेव्हापासून आजींनी ध्यास घेतला.

"फादर, मले थे लहान गाडी आखीन एक डाव पाहाची हाय," त्या आम्हास म्हणाल्या.

रेल्वेच्या लांबच्या प्रवासात चढउतार व धावपळ त्यांच्याने होण्यासारखी नव्हती. म्हणून नातवाने चाकांवरचे घर भाड्याने घेण्याचे ठरविले. निजण्यास पलंग, चहापुरती चूल, पाण्याची टाकी आणि शौचकूप अशी सोय असलेल्या या गाडीस हल्ली कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली तिच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणही आखले आहे. आपल्या पूर्वजांना ही कल्पना नवी वाटली नसती. छपराची बैलगाडी, तिच्यात अंथरूण, मागे पाण्याची घागर आणि संध्याकाळी एखाद्या आमराईत सोडलेले बैल, हे त्यांचे चालते घरच होते. अंतर एवढेच की बैल थकला की तो थांबे. यंत्र थकत नाही, आणि म्हणून माणूसही आपण थकलो हे विसरतो.

नातू आनंदाने म्हणाला, "फादर, रातभर गाडी चालवली का सकाळी ग्वाल्हेर!"

त्याचे वडील काही बोलले नाहीत. ते गप्प का राहिले, हे त्या ओट्यावर आमच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. बारा वर्षांपूर्वी बैतूलकडून रात्री परत येताना गाडीचे चाक आमच्या हाती होते आणि शेजारी हेच गृहस्थ बसले होते. "जरा थांबू या," असे ते दोनदा म्हणाले. "आता घर आलेच," असे आम्ही दोनदा उत्तर दिले. मुलताईच्या अलीकडे आमचा डोळा क्षणभर मिटला, गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली, आणि त्यांच्या गळ्याजवळचे हाड मोडले. आजही त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर नीट जात नाही. उंच फांदीवरचे फळ ते दुसऱ्याकडून तोडून घेतात. इतक्या वर्षांत त्यांनी आम्हास एका शब्दाने दुखविले नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्या मौनाने आम्हास बोलते केले. सारी हकीकत आम्ही मुलास सांगितली आणि म्हटले, "आपण ही आखणी शेवटच्या टोकापासून न करता मुक्कामांपासून करू."

मग आम्ही सर्व कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिला प्रश्न निघण्याच्या दिवसाचा. आंबिया बहार घेणारा बागायतदार डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण देतो. पाणी बंद असल्याने त्यास थोडी उसंत मिळते. पण त्याच दिवसांत दिल्ली-हरियाणाच्या रस्त्यांवर असे धुके उतरते की पुढच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. या घरचा बहार मृगाचा. त्यांचा ताण मे महिन्यात येतो. त्या वेळी धुके नसते, परंतु ग्वाल्हेर-आग्र्याकडे पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो. तेव्हा असे ठरले की पहाटे पाच वाजता निघावे, अकराच्या आत सावली गाठावी आणि उरलेले थोडे अंतर उन्हे कलल्यावर कापावे. सूर्य मावळल्यावर चाक फिरवावयाचे नाही. परतीची मर्यादा निसर्गानेच आखून दिलेली होती. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर लागते. त्याआधी घर गाठलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न वाटेचा. सौंसरहून छिंदवाडा, नरसिंहपूर, सागर व झाशी असाही मार्ग आहे. परंतु आरंभीच घाट नको म्हणून पांढुर्ण्याची वाट धरली. ती मुलताईच्या पठारावर चढते. याच परिसरात तापी उगम पावते आणि वर्धाही. एकीचे पाणी पश्चिम समुद्रास जाते, तर दुसरीचे गोदावरीतून पूर्व समुद्रास. बैतूलच्या पुढचा बरेठा घाट जड वाहनांचा व वळणांचा. तो उजेडीच ओलांडावयाचा. पहिला मुक्काम नर्मदाकाठी नर्मदापुरम येथे, घरापासून सुमारे २३५ किलोमीटरांवर.

दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवला. भोपाळच्या अलीकडे रस्त्यालगतच्या डोंगरात भीमबेटका आहे. विष्णु श्रीधर वाकणकर यांना १९५७ साली आगगाडीतून जाताना ते खडक दिसले, आणि त्यांच्या शोधाने तेथील हजारो वर्षांपूर्वीची चित्रे जगापुढे आली. माणूस मुक्कामाला थांबला, म्हणून त्याला भिंतीवर चित्र काढावयास वेळ मिळाला, असे तेथे गेल्यावर आम्हास नेहमी वाटते. त्या रात्रीचा मुक्काम भोपाळला, तिसरा गुण्यास आणि चौथा ग्वाल्हेरला. ग्वाल्हेरला दोन रात्री राहावयाचे. तो रविवार आहे. त्या दिवशी माणसांनी उपासना करावी आणि यंत्रासही विसावा द्यावा. शिंद्यांच्या त्या शहरात आजींना मराठी बोलणारे कोणी ना कोणी भेटेलच.

पुढे चंबळ ओलांडून आग्रा आणि मुक्कामास मथुरा. दिल्लीच्या गर्दीत न शिरता पलवल-मानेसर-कुंडली या बाहेरच्या द्रुतगती मार्गाने वळसा घ्यावयाचा. त्यानंतरचा मुक्काम पानिपत.

या नावावर नातवाची पेन्सिल थबकली. सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघाली ती ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत पोहोचली. बरोबर बुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती. उत्तरेत त्यांची रसद तुटली. १४ जानेवारी १७६१ रोजी ते लढले ते उपाशी पोटांनी. एवढ्या मोठ्या इतिहासाशी आमच्या चिमुकल्या सहलीची तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करीत नाही. परंतु त्या भूमीवरून जाणाऱ्या मराठी माणसाने तेथे एक रात्र थांबावे, एवढे तरी ऋण खासच आहे.

आठव्या दिवशी दुपारी कालका. मोठी गाडी डोंगरात न्यावयाची नाही. ती पायथ्याशी ठेवून १९०३ साली सुरू झालेल्या त्या लहान रेल्वेत बसावयाचे. तिचा मार्ग ९६ किलोमीटरांचा. शंभराहून अधिक बोगदे ओलांडून ती शिमल्यास पोहोचते. तिकिटे मात्र आधीच काढून ठेवावी लागतील.

यानंतर बारीकसारीक नियम लिहिले. आजींचा पलंग थांबलेल्या गाडीतच वापरावयाचा; गाडी चालू असताना त्याही पट्टा बांधून खुर्चीवर बसतील. म्हणून दर दीड तासाने थांबणे आलेच. गाडी निघण्यापूर्वी गॅसची टाकी बंद आहे, हे एकाने पाहावे व दुसऱ्याने पुन्हा पाहावे. चाकांतील हवा पहाटे, चाके थंड असतानाच तपासावी. रात्री निर्जन जागी न थांबता पेट्रोलपंप, मोठा ढाबा किंवा पर्यटक निवास यांच्या आवारात मालकाची परवानगी घेऊन उभे राहावे. शौचकुपाची टाकी नदीनाल्यात वा शेताच्या बांधावर कदापि रिकामी करू नये. आपल्या सोयीची घाण दुसऱ्याच्या दारात टाकणे हे पापच होय. आणि शेवटचा नियम वडिलांनी आपल्या हाताने लिहिला : "शेजारी बसलेल्याने थांब म्हटले की चालविणाऱ्याने थांबावे. कारण विचारू नये."

नातवाने तो वाचला, वडिलांच्या खांद्याकडे एकवार पाहिले आणि खाली सही केली. आमच्याकडेही कागद आला. आम्ही सोबत जाणार नव्हतो, तरीही सही केली. बारा वर्षे उशिरा का होईना, तो नियम आम्हासही पाळावयाचा होता.

आजींना सारी आखणी वाचून दाखविली. इतके मुक्काम ऐकून त्या कंटाळतील असे आम्हास वाटले होते. त्या बोटांवर मोजत राहिल्या आणि हसून म्हणाल्या, "फादर, मंग तं शिमल्याले पोचो का नाही पोचो, माहं फिरनं तं झालंच!"

तो कागद आता त्यांच्या भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी टांगलेला आहे. वाचकहो, आपणांपैकी कोणी या उन्हाळ्यात दूरच्या वाटेस निघणार असाल, तर किती लवकर पोहोचू हा हिशेब मागाहून करावा. आज रात्री कोठे थांबू, हे आधी ठरवावे.