बडोद्याची भिंत

आम्हां कामरेजच्या जुन्या मराठी घरांत ‘बडोद्याला धाडू’ ही धमकी लहानपणी सर्रास कानी पडे. गायकवाडीत कामरेज नवसारी प्रांतात होते आणि वेड्यांचे इस्पितळ १८९८ पासून बडोद्यात. तापीकाठच्या माणसाला त्या इस्पितळाची भिंत तुरुंगाचीच वाटे.

हे भय अगदीच निराधार नव्हते. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ८४ (२०२४ पासून न्यायसंहितेचे कलम २२) सांगते, की बुद्धिभ्रमात घडलेले कृत्य हा गुन्हा नव्हे. तथापि असा निर्दोष ठरलेला मनुष्य थेट घरी जातोच असे नाही. त्याला इस्पितळात बंदोबस्तात ठेवता येते. कैद्याला निदान सुटकेची तारीख ठाऊक असते, याला तीही नाही. आसामातील माचांग लालुंग यांच्यावर तर खटलाच चालला नाही. १९५१ मध्ये ते पकडले गेले. १९६७ मध्ये तेजपूरच्या इस्पितळाने ते बरे झाल्याचे कळविले, तरी रवानगी झाली ती गुवाहाटीच्या तुरुंगात. सुटले २००५ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी. वैद्याच्या हाती औषध होते, किल्ली नव्हती.

शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांस तुरुंगात ठेवणे बेकायदा ठरविले. न्यायालयाचा हुकूम तुरुंगाला लागू होतो, आळीला नव्हे. आमच्या एक आत्याबाई बडोद्याहून चार महिन्यांत बऱ्या होऊन परतल्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाचे बोलावणे मात्र त्यांना पुन्हा आले नाही. दरवर्षी त्या स्वतःच पन्हे करून ठेवीत, एखादी शेजारीण येईल म्हणून.