नुसतं ‘जॅम’

1992 साली सॅन होजेत नोकरीला लागलो, तेव्हा शेजारच्या टेबलावर साठीकडे झुकलेले एक तंत्रज्ञ बसत. ग्रेटफुल डेड या बँडचे ते जुने टेपर. उंच दांड्याला मायक्रोफोन बांधून कार्यक्रम टेप करायचे. 1984 पासून बँडने अशा मंडळींसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच ठेवली होती. टेप विकायची नाही, हा त्यांच्यातला धर्म. मला म्हणाले, “कोऱ्या कॅसेट आण, भरून देतो. यादी मात्र तू लिहायचीस.”

यादी म्हणजे कॅसेटच्या कार्डावर गाण्यांची नावं, ओळीने. एक गाणं न थांबता दुसऱ्यात शिरलं की मध्ये बाणाची खूण. एवढं जमलं. अडलो ते जॅमपाशी, म्हणजे गाणं मागे सोडून सगळे मनाने वाजवत सुटतात तिथे. एका कार्डावर मी ऐटीत ‘स्पॅनिश जॅम’ लिहिलं. त्यांनी विचारलं, “कशावरून?” मला उत्तर देता येईना. वाजवणं स्पॅनिश वाटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जॅझवादक माइल्स डेव्हिसची 1960 ची ‘स्केचेस ऑफ स्पेन’ ही रेकॉर्ड आणली आणि जेवणाच्या सुट्टीत त्यातलं ‘सोलेआ’ ऐकवलं. डेडची स्पॅनिश जॅम तिथून निघालेली. मग माझी टेप लावली. ते स्वर तिच्यात नव्हतेच. त्यांनी मला खोडरबर दिलं. ‘स्पॅनिश’ खोडून मी नुसतं ‘जॅम’ ठेवलं.

पुढची तीन वर्षं मी त्यांच्याकडून हेच शिकलो. ‘चायना कॅट सनफ्लॉवर’ आणि ‘आय नो यू रायडर’ यांच्या मधल्या वाजवण्यात सायमन आणि गारफंकेल यांच्या गाण्याची चाल डोकावली, तरच ‘फीलिन ग्रूव्ही जॅम’ लिहायचं. ‘डार्क स्टार’ कितीही लांब भटकलं, तरी त्याचा धागा हाताला लागतोय तोवर ते ‘डार्क स्टार’च. स्वर ओळखू आले तर नाव, नाहीतर नुसतं ‘जॅम’. आपल्याला काय वाटलं ते कार्डावर लिहायचं नाही.

एका जागी माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही. 18 फेब्रुवारी 1971 ला पोर्ट चेस्टरच्या कॅपिटल थिएटरात ‘वॉर्फ रॅट’ हे गाणं पहिल्यांदा झालं, आणि त्याच्या पाठोपाठ जे वाजलं त्याला चाहते ‘ब्यूटिफुल जॅम’ म्हणतात. आमचे तंत्रज्ञ म्हणत, ही स्तुती आहे, नाव नव्हे. मला ते नाव तेव्हाही योग्य वाटे, आजही वाटतं. बँडच्या 1999 च्या संचात ते त्याच नावाने छापलं गेलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

त्यांना माझ्याकडून काही मिळालं असेल तर एकच. ‘प्लेइंग इन द बँड’चा सांगाडा दहा मात्रांचा, आधी त्याला ‘मेन टेन’ म्हणत. मी टाळी-खाली धरून झपतालाच्या दहा मात्रा मोजून दाखवल्या. डेडचे ढोलवादक मिकी हार्ट आपल्या अल्लारखाँसाहेबांकडे शिकलेले, हे त्यांना ठाऊक होतंच. पण हातावरचा हिशेब त्यांनी तीनदा करून घेतला.

ऑगस्ट 1995 मध्ये डेडचे गिटारवादक जेरी गार्सिया गेले आणि बँड थांबला. पुढे आमचे हे गृहस्थही गेले.

वडील वारल्यावर पुण्याच्या घरी त्यांनी टेप केलेल्या खासगी बैठकांच्या कॅसेट सापडल्या. त्यांवर फक्त तारखा. दोन उन्हाळे बसून मी वही केली. एका कॅसेटवर ‘भीमपलासी’ लिहायला हात उचलला आणि कानात “कशावरून?” आलं. परत ऐकलं. खात्री होईना.

त्या वहीत सात ठिकाणी ‘राग ओळखता आला नाही’ असं लिहिलेलं आहे.