किल्ल्यांचा जुडगा

आमच्या विद्यापीठात मूडल आहे. त्यात कुणाला कोणती भूमिका द्यायची, म्हणजे किल्ल्या वाटायच्या, हे माझं काम. गंमत अशी, की ‘ॲडमिन’ म्हटलं की लोकांना तो मान वाटतो. विभागप्रमुखांना तर तोच हवा असतो! पण परवानग्यांचे नियम साइट ॲडमिनला लागूच होत नाहीत. कुठल्याही विषयाचे गुण तो बदलू शकतो. विभागप्रमुखांना ‘मॅनेजर’ पुरतं, तेही फक्त त्यांच्या विभागाच्या कॅटेगरीत. तपासणीला मदत करणाऱ्यांना ‘नॉन-एडिटिंग टीचर’ : गुण द्या, अभ्यासक्रमात ढवळाढवळ नको. २००६ साली १.७ आवृत्ती आली, तेव्हापासून अधिकार असे सुटे करून देता येतात.

सरांना वाटतं, ह्याचा आपल्यावर विश्वास नाही. आहे हो, पूर्ण आहे! पण उद्या एखाद्या मुलीचे गुण बदललेले निघाले तर? कुणी बदलले ते नोंदींमध्ये सापडतं, पण तोवर कुजबुज सुरू झालेली असते. ज्याच्याकडे किल्लीच नाही, त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

असो. माझीही दोन खाती आहेत. रोज साधंच वापरतो. ॲडमिनचं लागेल तेव्हाच उघडतो.