स्वातीच्या नावाची नौका

मनुष्य स्वतःच्या हातांनी असंख्य वस्तू घडवितो आणि त्यांपैकी फारच थोड्यांना नाव देतो. परंतु जिच्या हवाली आपला प्राण करून किनारा सोडावयाचा, त्या नौकेला निनावी ठेवणे दर्यावर्दी माणसाच्या मनाला सहसा मानवत नाही. प्रशांत महासागराशी ज्यांचा काडीमात्र संबंध नाही अशा दूरदूरच्या बंदरांतही आपल्या होडीला हवाई बेटांतले एखादे नाव असावे अशी हौस बाळगणारे लोक आढळतात, आणि ती हौस मला समजते. अवघे पाच स्वर आणि, कंठातला क्षणिक विराम जमेस धरून, आठ व्यंजने एवढ्या भांडवलावर उभी असलेली ती भाषा, जिच्यात दोन व्यंजने कधी एकमेकांस भिडत नाहीत आणि प्रत्येक अक्षर स्वरातच विसावते, कोणत्याही कानाला गोड लागावी यात नवल नाही. तथापि त्या बेटांनी आपल्या नौकांना नावे कशी दिली, हा वृत्तांत जसजसा कळत जातो, तसतशी माझी खात्री होत जाते की केवळ माधुर्याने असल्या नावावर कोणाचा हक्क उत्पन्न होत नाही.

पूर्वी तेथे नौकेसाठी कोआ वृक्ष निवडण्याचा अधिकारदेखील सर्वस्वी माणसाकडे नसे. पाडलेल्या खोडावर एलेपायो नावाचा चिमुकला पक्षी उतरला आणि जागोजाग चोच मारू लागला, म्हणजे लाकूड आतून किडलेले आहे असे समजून कारागीर ते सोडून देत. नौका घडविणाऱ्यांची देवता लेआ हीच त्या पक्ष्याच्या रूपाने कौल देते, अशी त्यांची श्रद्धा होती. नावाच्या बाबतीतही असाच कौल असे. मुलांची कित्येक नावे स्वप्नात प्राप्त होत, पूर्वजांचे रक्षक आत्मे ती सुचवीत, आणि अशा रीतीने आलेले नाव अव्हेरले तर ते ज्याच्यासाठी आले त्या बालकाला व्याधी जडते, असे मानले जाई. नाव ठेवणाराने अगोदर नाव ऐकावयाचे, ही त्या लोकांची शिस्त होती.

1973 साली चित्रकार हर्ब कावाइनुई काने, मानवशास्त्रज्ञ बेन फिनी आणि टॉमी होम्स यांनी पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी स्थापन केली, ती एका आक्षेपाला उत्तर देण्यासाठी. पॉलिनेशियन लोक वाऱ्यावर वाहवत योगायोगाने या बेटांस लागले, हेतुपूर्वक एवढा सागर ओलांडण्याची विद्या त्यांच्याजवळ नव्हती, असे प्रतिपादन काही विद्वान करीत होते. त्याच्या खंडनार्थ जी जोडनौका बांधण्यात आली, तिच्यासाठी नावे पुष्कळ पुढे आली; परंतु एका रात्री काने यांना स्वप्नात एक तारा अधिकाधिक तेजस्वी होत जाताना दिसला, त्यांनी उठून त्याचे नाव टिपून ठेवले, आणि पुढे तेच मंजूर झाले. होकूलेआ, आनंदाचा तारा. आपण त्यालाच स्वाती म्हणतो. हवाई बेटाच्या अक्षांशावर स्वाती थेट माथ्यावरून जाते, म्हणून दक्षिणेकडून परतणाऱ्या नाविकाला ती डोक्यावर आली की घर समीप आल्याची ग्वाही मिळते. मुंबईही जवळपास त्याच अक्षांशावर वसलेली असल्यामुळे वैशाखातल्या मध्यरात्रीच्या सुमारास आपल्याही माथ्यावर तीच तारका असते, ही जाणीव मला फार आपलीशी वाटते.

8 मार्च 1975 रोजी ओआहू बेटावर होकूलेआ पाण्यात उतरली, आणि पुढच्या वर्षी मायक्रोनेशियातील सातावल बेटाच्या माऊ पियाइलुगने होकायंत्रावाचून, तारे, वारा आणि लाटांची वळणे यांच्या आधारे तिला ताहितीस नेले. पापेएते बंदरात सतरा हजारांवर माणसे तिच्या स्वागतास लोटली. त्या नावाची खरी परीक्षा मात्र 1978 मध्ये झाली. नौका वादळी समुद्रात उलटली. सोबत्यांसाठी मदत आणावयास एडी आयकाऊ हा तरुण एका फळीवरून निघाला, तो कधीच परतला नाही. आनंदाचे नाव धारण करणाऱ्या नौकेच्या माथी असा शोक आल्यावर ते नाव पुसून टाकावे, असे कोणासही वाटले असते. त्या लोकांनी ते जतन केले, आणि 1980 मध्ये नाइनोआ थॉम्पसनने तारे वाचूनच तिला पुन्हा ताहितीस नेऊन आणले. नाव राखणे म्हणजे काय, हे मला या दोन वर्षांइतके दुसऱ्या कशानेही उमगलेले नाही.

पुढे घडलेल्या काही नौकाही आकाशाच्या याच कुळात जन्मल्या. मकालीई म्हणजे आपल्या कृत्तिका. हिकियानालिया म्हणजे चित्रा. आणि त्या अक्षांशावर स्वाती व चित्रा जवळजवळ एकाच वेळी क्षितिजावर येतात, म्हणून ती होकूलेआची भगिनी ठरली. ज्या भाषेला 1896 च्या कायद्याने शाळांतून हद्दपार केले आणि जिला राज्यभाषेची सनद परत मिळावयास 1978 उजाडावे लागले, त्या भाषेतले प्रत्येक नाव अशा नौकांवरून समुद्रावर फिरताना स्वतःच्या हयातीची साक्षच देत असते.

आणि याच लोकांनी 2007 मध्ये वृद्ध माऊला कृतज्ञतेने जी नौका अर्पण केली, तिचे नाव हवाईच्या भाषेत नव्हते. आलिंगानो माइसू हे नाव सातावलच्या भाषेतले. माइसू म्हणजे वाऱ्याने पाडलेले, कोणीही वेचून न्यावे असे निरफणसाचे फळ. आपली विद्या परक्यांस मुक्तहस्ताने देणाऱ्या गुरूला त्याच्याच भाषेतले नाव देताना त्यांनी आपला अभिमान बाजूला ठेवला.

म्हणून ज्या कोणाला आपल्या होडीसाठी हवाईचे नाव हवे असेल, त्याने ते बेधडक मागावे, पण मागावे; कोशातून परस्पर उचलू नये. ती भाषा बोलणाऱ्यांस विचारावे, स्वर आणि विराम यथास्थित उच्चारावयास शिकावे, ते नाव पूर्वी कोणी कोणत्या प्रसंगी धारण केले ते जाणून घ्यावे, आणि कोणी नको म्हटले तर तो नकार आदराने मान्य करावा. एवढे सायास करूनही ज्याची हौस टिकते, त्याच्या नौकेवर ते नाव शोभेल, आणि ज्यांच्याकडून ते आले त्यांच्या इभ्रतीस जपण्याची जबाबदारीही तो आनंदाने वाहील, असा माझा भरवसा आहे.