सांधेवाला

काचीगुड्याचे रेल्वे स्थानक 1916 साली उभे राहिले. निजामाच्या रेल्वेचा मुख्य कारभार एके काळी येथूनच चालत असे. घुमटांची आणि मिनारांची ही वास्तू पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच वर जाते; परंतु या स्थानकाचा खरा इतिहास खाली, रुळांत आहे. निजामाच्या राज्यात दोन जातींचे रूळ नांदत होते. 1874 मध्ये वाडीहून सिकंदराबादला आलेला मार्ग 1676 मिलिमीटर रुंदीचा, तर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत गेलेला मार्ग 1000 मिलिमीटरचा. काचीगुडा या दुसऱ्या, लहान रुळाचे स्थानक. मराठवाड्याला हैदराबादशी जोडणारा रूळ तो हाच.

हा रूळ मनमाडला पोहोचला की थांबत असे, कारण तेथून पुढे मुंबईचा रूळ मोठा. माणसे उतरून दुसऱ्या गाडीत बसत. पण कापसाच्या गाठी आपल्या पायांनी उतरत नाहीत. त्या एका वाघिणीतून काढून दुसरीत चढवाव्या लागत. या उठाठेवीत वेळ जाई, माल खराब होई, थोडा गहाळही होई. परंतु एक गोष्ट तेथे आपसूक घडत असे : उतरताना आणि चढताना प्रत्येक गाठ मोजली जाई आणि मोजणारा आपली सही करी. गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या आरंभी हे सर्व मार्ग रुंद झाले, गाड्या थेट धावू लागल्या, हे उत्तमच झाले. त्या मोजणीचे पुढे काय झाले, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. मात्र तो आम्ही रुळांच्या नव्हे, तर संगणकांच्या संदर्भात मांडणार आहोत.

व्यापारी कंपन्यांत आज खरेदी, साठा, विक्री, हिशेब आणि पगार हे सारे एकाच मोठ्या संगणक-प्रणालीत ठेवण्याची रीत आहे. तिला ‘ईआरपी’ म्हणतात. हे नाव 1990 च्या सुमारास रूढ झाले. पण या व्यवसायातील अग्रगण्य ‘सॅप’ ही जर्मन कंपनी 1972 पासूनची आहे. आपल्याकडे लहान व्यापाऱ्यांच्या पेढ्यांत बंगळुरूच्या ‘टॅली’ने चोपड्यांची जागा घेतली. सर्व कारभाराची एकच वही असावी, ही या प्रणालींमागची कल्पना. परंतु एका वहीत सगळे कधीच मावत नाही. गोदामातला पट्टीसंकेत वाचणारा यंत्रसंच वेगळा, विक्रेत्यांच्या हातातल्या फोनवरची मागणीची सोय वेगळी, हजेरीचे यंत्र वेगळे, बँक वेगळी आणि सरकारचे कराचे संकेतस्थळ तर पूर्णच वेगळे. म्हणून जोडणी करावी लागते.

जोडणीच्या तऱ्हा तीन-चारच आहेत. पहिली सर्वांत जुनी : एका पडद्यावर वाचावे आणि दुसऱ्यावर टंकावे. दुसरी, दिवसभराच्या नोंदींची एक फाईल रात्री एकीकडून काढून दुसरीकडे भरावी. तिसरी, एका प्रणालीने दुसरीला त्याच क्षणी निरोप धाडावा. हा निरोप देण्याघेण्याचा जो ठरलेला दरवाजा, त्याला संगणकाच्या क्षेत्रात ‘एपीआय’ म्हणतात. प्रत्येक प्रणाली दुसऱ्या प्रत्येकीशी परस्पर जोडावयाची म्हटले, तर सहा प्रणालींना 15 जोडण्या लागतात आणि दहांना 45. म्हणून मधोमध एक दुभाषा ठेवतात. सर्वांनी त्याच्याशीच बोलावे. मग दहांना दहाच जोडण्या पुरतात. हा झाला तंत्राचा भाग. आमच्या मते तो या कामाचा सोपा भाग होय.

अवघड भाग कोणता, हे जुन्या हैदराबादकरांना वेगळे सांगावयास नको. आमच्या वडिलांच्या पिढीने दोन नाण्यांचा संसार केला. राज्याचा हाली सिक्का आणि बाहेरचा कलदार. ढोबळमानाने सात हाली म्हणजे सहा कलदार. दफ्तरातले वर्ष फसली, बाहेरचे इसवी. फसली 1357 हे साल ऑक्टोबर 1947 मध्ये सुरू होई. सोलापूरच्या पेढीने ‘शंभर रुपये’ लिहिले आणि हैदराबादच्या पेढीनेही ‘शंभर रुपये’च लिहिले, तरी ते शंभर एक नव्हेत. आकडा तोच, अर्थ निराळा. दोन प्रणाली जोडताना नेमके हेच होते. तार जुळते, आकडा पोहोचतो आणि अर्थ वाटेत गळतो.

आमची सेवा राज्याच्या विक्रीकराच्या, पुढे वाणिज्य कर म्हणून ओळखल्या गेलेल्या खात्यात झाली. सामान्य विक्रीकर, 1 एप्रिल 2005 पासूनचा मूल्यवर्धित कर आणि 1 जुलै 2017 पासूनचा वस्तू व सेवा कर, अशी तिन्ही युगे आम्ही पाहिली. त्यामुळे निवृत्तीनंतर आमच्या परिचयातील एका औषध-वितरकाने आपल्या पेढीतील ‘जोडणी’च्या बैठकांना येऊन बसण्याचा आग्रह केला, तेव्हा आम्ही कुतूहलाने गेलो. हिशेबाची प्रणाली, गोदामाची प्रणाली आणि विक्रेत्यांचा फोन, ही तीन तोंडे एका नव्या ईआरपीस जोडावयाची होती. तरुण अभियंत्यांनी जोडणी चार दिवसांत उभी केली. पुढले चार महिने कशात गेले, ते ऐकण्यासारखे आहे.

गोदामात साठा मोजला जाई तो खोक्यांत, विक्रेता मागणी लिही ती पट्ट्यांत. एका खोक्यात दहा पट्ट्या. दुकानदाराने ‘पाच’ मागितले की गोदामातून पाच खोकी निघू पाहत. ही झाली हाली-कलदाराचीच गोष्ट, आणि तिचा उपायही तोच : प्रत्येक आकड्यासोबत त्याचे माप लिहिणे. दुसरा घोळ काळाचा. साठ्याचा आकडा फोनवर रात्री एकदाच जाई. त्यामुळे सकाळी शिल्लक असलेली वीस खोकी दुपारपर्यंत तिघा विक्रेत्यांनी तिघांना विकलेली असत. तिसरा घोळ सर्वांत मजेचा. फोनवरून मागणी गेली, बीजक तयार झाले, परंतु ‘पोहोचले’ हा उलट निरोप वाटेत अडकला. फोनने आपले कर्तव्य म्हणून मागणी पुन्हा धाडली आणि एकाच मालाची दोन बीजके झाली.

या तिसऱ्या दुखण्यावरचा उपाय अभियंत्यांनी फळ्यावर मांडला, तेव्हा आम्हांस हसू आले. प्रत्येक निरोपास एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, घेणाऱ्याने तो टिपून ठेवावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता जुनीच पोच द्यावी. हे तर आमचे जावक आणि आवक रजिस्टर! सरकारी कचेरीतील ज्या नोंदवह्यांची चेष्टा करण्यात आमच्या पिढीतील विनोदी लेखकांनी लेखण्या झिजविल्या, त्यांचे तत्त्व संगणकाच्या शास्त्राने अखेर आपलेसे केले.

सरकारनेही ते केले आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या आणि टप्प्याटप्प्याने, 1 ऑगस्ट 2023 पासून, 5 कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांस इतर व्यापाऱ्यांना दिलेले बीजक सरकारी संकेतस्थळावर नोंदवून घ्यावे लागते. म्हणजे कंपनीच्या ईआरपीने सरकारच्या यंत्राशी थेट बोलावयाचे. नोंदणी होताच 64 अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. तो विक्रेत्याचा कर-क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बीजकाचा क्रमांक यांपासून गणिताने काढलेला असतो. तेच बीजक दुसऱ्यांदा पाठविले, तर गणितातून तोच क्रमांक निघतो आणि यंत्र ते नाकारते. कर-क्रमांकाची रचनाही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. पहिले दोन अंक राज्याचे, तेलंगणाचे 36 आणि महाराष्ट्राचे 27. त्यापुढे आयकराच्या पॅनची दहा अक्षरे. आणि शेवटचे अक्षर आधीच्या सर्वांचा पडताळा पाहणारे. एका व्यापाऱ्याची ओळख सर्व दफ्तरांत एकच ठरली, ही या कराची आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी देणगी.

जोडणीचे यशही आम्ही याच शहरात पाहिले आहे. रेल्वेच्या आरक्षणाची दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच संगणक-केंद्रे पूर्वी आपापल्या घरात सुखी होती. दुसऱ्या केंद्राच्या गाडीतील जागा येथे बसून हाती लागत नसे. 1994 साली सिकंदराबादला नवी प्रणाली सुरू झाली आणि 1999 पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली. परतीच्या तिकिटासाठी तार करून वाट पाहण्याचे दिवस सरले. ज्याने ते दिवस काढले आहेत, तो जोडणीचा निंदक होऊ शकत नाही. आम्हीही नाही.

तरीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्यापाऱ्यास क्रमांक मिळाला. सामान्य माणसाचे नाव मात्र अजून नावच आहे. आणि हैदराबादेतील मराठी माणसाचे नाव हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. घरी ‘सुमती वसंतराव कुलकर्णी’ असणारी बाई तेलुगू रीतीच्या कागदावर ‘के. सुमती’ होते, शिधापत्रिकेवर ‘कुलकर्णी सुमतीबाई’ आणि विवाहापूर्वी उघडलेल्या बँकेच्या खात्यात माहेरच्या आडनावाची. कारकून समोर होता तोवर हे चालून जाई. तो चष्म्यावरून पाही, “त्याच ना तुम्ही, वसंतरावांच्या?” असे विचारी आणि पुढे सरके. यंत्र विचारत नाही.

आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंचे यजमान वारले. कुटुंब-निवृत्तिवेतन मंजूर झाले, आदेश निघाला. परंतु आदेश ज्या प्रणालीत होता ती आणि पैसे पाठविणारी प्रणाली नुकत्याच जोडल्या गेल्या होत्या. एकीकडचे नाव दुसरीकडच्या नावाशी जुळेना. निरोप परत आला आणि कोणीही उघडून पाहत नाही अशा एका यादीत जाऊन पडला. एका कार्यालयात सांगत, “आमच्याकडून गेले आहे.” दुसरीकडे सांगत, “आमच्याकडे आलेले नाही.” दोघेही खरे बोलत होते! पाच महिने बाईंनी दागिना मोडून औषधे आणली. आम्ही सोबत गेलो होतो. अखेर ज्या तरुण लिपिकाने ती यादी शोधून काढली, त्याने तीत अशीच आणखी पुष्कळ नावे पाहिली. ती पाहावयाची कोणी, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नव्हते. जुन्या पद्धतीत मिसल टेबलावर पडून राही, ती निदान दिसत तरी असे.

येथे मनमाडची ती मोजणी आठवते. माल उतरविण्या-चढविण्याचे श्रम गेले, त्यासोबत मोजून सही करणाराही गेला. जोडणी करणारे म्हणतात, मधला माणूस काढला की काम वेगाने होते. ते खोटे नाही. परंतु तो मधला माणूस केवळ आकडे उचलून ठेवीत नव्हता. न जुळणाऱ्या गोष्टी तो ओळखीत होता. औषध-वितरकाच्या पेढीत एकाच नावाची दोन दुकाने होती. ती दोन सख्ख्या भावांची असून त्यांपैकी एकासच उधारी द्यावयाची, हे तेथील वृद्ध मुनीमजींखेरीज कोणाच्याही वहीत नव्हते. अभियंते ती दोन नावे ‘दुबार’ म्हणून एक करण्याच्या बेतात होते. मुनीमजींना आधी बैठकीस बोलाविलेच नव्हते; त्यांची सेवा संपविण्याचे मात्र ठरत आले होते. आम्ही मालकांस एवढेच सुचविले की, यांना काढावयाचे असेल तर जोडणी पुरी झाल्यावर काढा. जोडणी पुरी झाली, तेव्हा त्यांना काढण्याची गोष्ट कोणी काढली नाही. आता रोज सकाळी परत आलेल्या निरोपांची यादी तेच पाहतात आणि पाहिल्याची सही करतात.

यावरून आमची मागणी साधी आहे. दोन यंत्रणा जोडणाऱ्याने, मग ती कंपनी असो वा सरकार, तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. एकाच गोष्टीविषयी दोन वह्या दोन सांगू लागल्या, तर खरी कोणती मानावयाची? परत आलेला निरोप कोण उघडणार आणि किती दिवसांत? आणि यंत्राने ‘जुळत नाही’ म्हटले, तरी ‘जुळते’ असे म्हणून सही करण्याचा अधिकार कोणास आहे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचे उत्तर ‘कोणासही नाही’ असेल, तर त्या जोडणीत माणसाला दार उरलेले नाही.

रेल्वेत दोन रूळ जेथे मिळतात त्या जागेस सांधा म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्यास सांधेवाला. त्याचे काम आता बहुतेक ठिकाणी दूरच्या खोलीतून, विजेवर होते. परंतु सांधा लागला की नाही याची खात्री करण्याची जबाबदारी रेल्वेने कधी सोडून दिलेली नाही. खात्री झाल्यावाचून सिग्नल पडत नाही. आमच्या शेजारच्या बाईंना निवृत्तिवेतन आता दर महिन्यास वेळेवर मिळते आहे. त्या यादीतील उरलेल्यांना मिळू लागले की नाही, याची चौकशी आम्ही अद्याप करीत आहोत.