ट्रॉलीवरचं गाणं

दिवाळी नुकतीच सरली होती. मांजरसुंब्याच्या चौकात बीडच्या गाडीची वाट बघत उभी होते. नेकनूरच्या बाजूनं एक ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. बाजा, पत्र्याच्या पेट्या, निळे ड्रम, खुराड्यात कोंबड्या आणि या सगळ्यावर गोधड्या पांघरून बसलेली माणसं. ऊसतोडीची टोळी निघाली होती. ट्रॅक्टरवाल्यानं मडगार्डवर दोन मोठाले स्पीकर बसवले होते आणि त्यातून सुखविंदर सिंगचा आवाज चौकभर घुमत होता. ‘चक दे इंडिया’. ट्रॅक्टर पाटोद्याच्या रस्त्याला वळला, गाणं लांब लांब गेलं. तेवढ्यात माझी गाडी लागली आणि निघूनही गेली. मी तशीच उभी.

हे गाणं ट्रॉलीवर मी आधीही ऐकलं होतं. 2007 साली.

तेव्हा मी नववीत होते आणि शाळेच्या खो-खोच्या संघात होते. सिनेमा ऑगस्टात आला. आमच्यापैकी कुणीच तो पाहिला नव्हता, पण सरांनी कुठून तरी कॅसेट भरून आणली होती. सकाळी मैदानावर फक्की मारून झाली की सर टेप खिडकीत ठेवायचे आणि गाणं लावायचे. दव पडलेल्या मातीचा आणि ओल्या फक्कीचा वास, त्यात ते ढोल. पायाला काटे टोचायचे ते कळायचंसुद्धा नाही.

आमच्यात एक खांबावरची पोरगी होती. नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. ती खांबाकडं पळत यायची, एका हातानं खांब धरायची, सगळं अंग भुईला समांतर व्हायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं बरोबर पळणारीच्या पाठीला लागायची. ‘आऊट’ व्हायच्या आधीच समोरची थांबायची. खांब लाकडाचा, नीट तासलेला नव्हता. तिच्या तळहाताची साल कायम निघालेली असायची. त्यावर ती हळद दाबायची आणि पुन्हा रांगेत जाऊन बसायची. तालुका आम्ही तिच्या जिवावर जिंकलो. जिल्ह्याचे सामने दसऱ्यानंतर होते.

दसऱ्यानंतर तिच्या घरची उचल फिटायची वेळ आली. आमच्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाकडून उन्हाळ्यात पैसे घेतलेले असतात, कारखाना पेटायच्या आत फडावर पोचायचं असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं हिशोबात नसतात, कामात असतात. ती सामानाच्या ढिगावर बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. ड्रायव्हरनं टेप लावला होता. आमचंच गाणं. ट्रॉली हलली तेव्हा ती वरून ओरडली, “टी-शर्ट आले की माझा ठेव गं. पट्टा पडला की येते.”

आता इथं मला थोडं भांडायचं आहे, आणि ते क्रिकेटशी.

हे गाणं मुळात पोरींचं. जयदीप साहनीनं लिहिलं, सलीम-सुलेमाननं चाल दिली, शिमित अमीनच्या सिनेमात ते महिला हॉकी संघासाठी वाजतं. सिनेमाच्या मागे खरी गोष्ट आहे 2002 ची : मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सूरजलता देवीच्या संघानं इंग्लंडला हरवून सुवर्ण आणलं, ममता खरबनं जादा वेळेत विजयी गोल मारला. आपल्याला त्यातलं काय आठवतं? सिनेमातला प्रशिक्षक कबीर खान ज्यांच्यावर बेतला म्हणतात ते मीर रंजन नेगी आठवतात, कारण 1982 च्या दिल्ली एशियाडच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं 7-1 असं धुतलं तेव्हा गोलात ते उभे होते. पुरुषाचा अपमान आठवतो, पोरींचं सोनं नाही. साहनींनी कथा लिहायला घेतली ती म्हणे पोरींच्या त्या विजयाची वर्तमानपत्रातली एवढीशी बातमी वाचून. एवढीशी, हेच मला पटतं.

आणि सिनेमा येऊन दोन महिनेही झाले नव्हते तोवर, 24 सप्टेंबर 2007 ला, धोनीच्या पोरांनी जोहान्सबर्गला पाकिस्तानला 5 धावांनी हरवून ट्वेंटी-20 चा पहिला विश्वचषक जिंकला. झालं. गाणं त्यांचं झालं. मिरवणुकीत तेच, टीव्हीवर तेच, गल्लीत बॅट घेऊन उभ्या पोरांच्या तोंडी तेच. 2011 च्या विश्वचषकाला ‘दे घुमाके’ नावाचं अधिकृत गाणं करवून घेतलं होतं, शंकर-एहसान-लॉयकडून. पण अधिकृत गाणं आणि लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं यात फरक असतोच. महिला हॉकीनं गाणं दिलं आणि क्रिकेटनं नेलं. उसने नेलेलं पातेलं शेजारीण आपलंच म्हणून वापरते, तसं.

माझा राग 2025 मध्ये जरा निवळला. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात आपण नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची केज तालुक्यातली. मांजरसुंब्याहून जो रस्ता नेकनूरवरून पुढं जातो ना, त्याच अंगाची. मी मोबाईलवर सामना बघत होते आणि एका पोरीनं खांब मारला तेव्हा माझाच तळहात चुरचुरला. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी शोधली. होती, पण आत.

मग 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत महिला क्रिकेटच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं. प्रशिक्षक अमोल मुजुमदार. जो तो म्हणत होता, खरा कबीर खान हाच. असेलही. पण मला त्याची दुसरी गोष्ट आवडते : 1988 मध्ये शालेय सामन्यात सचिन आणि कांबळीनं 664 धावांची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. दिवसभर बसला, खेळायला मिळालंच नाही. पुढं प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा केल्या, तरी भारताची टोपी मिळाली नाही. बसून राहण्याबद्दल त्याला काही शिकवायची गरज नसावी.

त्या रात्री मैदानावर पोरींनी गोल करून गाणं म्हटलं, ते ‘चक दे’ नव्हतं. स्वतःचं होतं. चारेक वर्षांपूर्वी त्यांनी ते संघासाठी बांधलं होतं आणि विश्वचषक जिंकू तेव्हाच सगळ्यांसमोर म्हणू, असं ठरवलं होतं. संघातल्या जेमिमानं ते हसत हसत सांगितलं. चाल काही फार भारी नाही, सूरही कुणाचे कुठे. पण इतकी वर्षं एखादं गाणं दाबून ठेवायचं, कुठल्या छोट्या विजयात ते खर्चायचं नाही, याला काय म्हणावं! आमच्याकडं तर जिल्ह्याला पहिल्याच फेरीत हरूनसुद्धा परतीच्या टेम्पोत पोरींनी ‘चक दे’ म्हटलं होतं. मी म्हटलं नाही. टी-शर्ट आले होते, पिवळे. जास्तीचा होता तो राखीव पोरीला गेला.

पट्टा पडला, ऊसतोडीचा हंगाम संपला तेव्हा ती आली, पण शाळेत आली नाही. पुढच्या वर्षी तिचा स्वतःचा कोयता झाला.

तिची पोरगी आता संत भगवानबाबांच्या नावाच्या सरकारी वसतिगृहात राहते; ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी काढलेल्या. आई-बाप फडावर गेले तरी तिची शाळा चालू असते. ‘ट्रॉलीवर तुझं गाणं ऐकलं,’ हे सांगायला आईला फोन लावला तर लागला नाही, पाचटात कुठली रेंज. मग पोरीशी बोलले. तिला म्हटलं, तुझी आई काय खांब मारायची, माहितीय का? म्हणाली, “मम्मी सांगती. मावशी, मला बॅट पाहिजे. स्मृती मानधनासारखी डावखुरी खेळते मी.”

“खो-खो खेळ की गं. त्याला काहीच विकत आणावं लागत नाही.”

“म्हणूनच तर तो टीव्हीवर दाखवत नाहीत.”

काश्मीर विलो घ्यायची की टेनिस बॉलची हलकी, यावरून मग आमची बराच वेळ घासाघीस चालली. वसतिगृहातल्या बाईंनी फोन मागितला तेव्हा कुठे थांबली. हलकीवर मी अडून आहे. सीझन बॉलच्या बॅटीला पॅड, ग्लोव्हज सगळंच आलं, आणि ते सगळं तिला एकटीला घेऊन द्यायचं तर बाकीच्या पोरींनी काय करायचं?