करवंटींतील बिऱ्हाड

कित्येक शिक्षकांस बागेचा नाद असतो, कित्येकांस बाजाच्या पेटीचा. मला तो माशांचा लागला. माझ्या खोलींत खिडकीपाशीं दोन फूट लांब, एक फूट रुंद व तितकीच उंच अशी एक काचेची टाकी आहे. तींत सुमारें ५५ लिटर पाणी मावतें. या टाकीपुढें गेल्या पावसाळ्यांत माझी जी फजिती झाली, ती विद्यार्थिमित्रांस सांगावी असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

सिक्लिड हें माशांचें एक मोठें कुल आहे. आपल्या खाड्यांत सांपडणारा व गोव्यांत ‘कालुंदर’ या नांवानें आवडीनें खाल्ला जाणारा मासा याच कुलांतला. परंतु माझे पाहुणे दूरदेशचे. पेरू, कोलंबिया व पश्चिम ब्राझील या भागांत ॲमेझॉन नदीस मिळणारे जे लहान ओहोळ आहेत, त्यांच्या तळाच्या पालापाचोळ्यांत त्यांचे पूर्वज राहत. नराच्या पाठीवरील पराचे पुढचे कांटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात. त्यावरूनच १९५१ सालीं यांस ‘ॲपिस्टोग्रामा कॅकॅटुऑयडीस’ असें लांबलचक नांव मिळालें. नांव एवढें मोठें, पण नर तीन इंचांचा व मादी अवघी दोन इंचांची! म्हणून हौशी लोक यांस बुटके सिक्लिड म्हणतात.

यांची वीण व्हावी अशी इच्छा असेल तर प्रथम पाणी मृदु पाहिजे. आमच्या कूपनलिकेचें पाणी इतकें जड कीं, त्यांत साबणास फेंसही येत नाहीं. तेव्हां पावसाच्या पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊं दिल्या आणि मग पागोळ्यांखालीं पिंप लावलें. शाळेच्या पटांगणांतील देशी बदामाचीं वाळलेलीं पानें धुऊन टाकींत सोडलीं. चार दिवसांत पाण्यास चहासारखा रंग चढला. एका कोपऱ्यांत नारळाची अर्धी करवंटी उपडी घालून तिच्या कडेस मादीपुरतें दार कोरलें. पाण्याची उष्णता २७ अंश ठेविली.

जुलै महिन्यांत एके दिवशीं मादी एकाएकीं हळदीसारखी पिवळी झाली व करवंटींतून बाहेर येईना. आरसा धरून पाहिलें, तों करवंटीच्या छताला तांबूस अंड्यांचा पुंजका चिकटलेला! ती अहोरात्र परांनीं अंड्यांस वारा घालीत होती. नर जवळ येतांच, आपल्याहून दीडपट मोठा असूनही, त्यास ती हुसकावून लावी. तिसऱ्या दिवशीं अंडीं फुटलीं, आणि त्यानंतर पांचव्या दिवशीं पिलांचा थवा घेऊन बाईसाहेब बाहेर आल्या. चाळीसएक तरी पिलें असतील. मिठाच्या पाण्यांत आर्टेमियाचीं अंडीं घालून त्यांतून निघालेले धुळीएवढे जीव मीं त्यांस खाऊं घातले. माझ्या आनंदास पारावार राहिला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास मी वह्या तपाशीत बसलों होतों. सहज वर पाहिलें, तों मादी एक पिलूं तोंडांत घेत होती. लागलीच दुसरें, मग तिसरें! पोटचीं पिलें गिळणारी ही आई कसली, ही तर राक्षसीण! मीं क्षणाचाही विचार न करतां तिला जाळीनें उचललें आणि मुरंब्याच्या रिकाम्या बरणींत पाणी भरून तींत सोडलें. आपण मोठें पुण्यकृत्य केलें अशा समाधानांत मी झोंपलों.

सकाळीं पाहतों तों काय! बरणीच्या तळाशीं, तिच्या पोटाखालीं, तीन पिलें हालत होतीं. जिवंत आणि धडधाकट. जाळींत सांपडली त्या क्षणीं तीं तिच्या तोंडांत होतीं. तिनें तीं गिळलीं नव्हतीं, जपून धरलीं होतीं. भटकलेलें पिलूं तोंडांत धरून थव्यांत आणून सोडणें व अंधार पडूं लागतांच साऱ्यांस निवाऱ्यास नेणें, हा या माद्यांचा नित्यक्रमच आहे; हें मीं पुस्तकांत नंतर वाचलें. मी धांवत टाकीकडे गेलों. तेथें नर ऐटींत फिरत होता, आणि पिलूं एकही दिसेना. जो तिच्या धाकानें इतके दिवस करवंटीजवळ फिरकत नव्हता, त्याला मींच रान मोकळें करून दिलें होतें. जिला खुनी ठरविलें तिच्याजवळचीं तीन वांचलीं. ज्यांचा मी तारणहार झालों तीं सारीं गेलीं.

त्याच दिवशीं शाळेंत आणखी एक गोष्ट घडली. माझ्या वर्गांतील एक मुलगा जूनपासून रोज उशिरां येई. मीं त्यास आळशी ठरवून टाकलें होतें, आणि पहिला तास दाराबाहेर उभें राहणें ही त्याची शिक्षाही ठरून गेली होती. त्या दिवशीं तो चिंब भिजून आला व न सांगतांच दाराबाहेर उभा राहिला. मीं खडू खालीं ठेविला आणि बाहेर जाऊन विचारलें, “अरे, तुला रोज उशीर कां होतो?” आईबाप पहाटेसच कामास जातात, धाकट्या भावास बालवाडींत व बहिणीस प्राथमिक शाळेंत पोंचवून मग तो येतो. ओढ्याला पाणी असलें म्हणजे भावास खांद्यावर घ्यावें लागतें.

“मग हें आधीं कां सांगितलें नाहींस?”

“तुम्हीं कधीं विचारलेंच नाहीं, सर.”

त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें मला अधिक लागलें. मीं त्यास आंत बसविलें. पुढें मुख्याध्यापकांच्या परवानगीनें त्यास दहा मिनिटें उशिरां येण्याची मुभा मिळाली.

मादीस तिच्या तीन पिलांसह मीं टाकींत परत सोडलें व नरास दुसरीकडे ठेविलें. तिघांपैकीं दोन वाढलीं. पुढें जोडी पुन्हां एकत्र केली, आणि सप्टेंबरांत दुसरें वेत झालें. या वेळीं अंडीं फुटतांच नरास बाजूस काढलें, आणि मी स्वतः जाळीस हातही लाविला नाहीं. संध्याकाळीं ती पिलें वेंचूं लागली म्हणजे मी व तो मुलगा टाकीपुढें मुकाट्यानें बसूं. तो मोजी, मी वहींत मांडीं. एकतीस पिलें महिन्याचीं झालीं. पाणी फार ऊन ठेविलें तर यांच्या पिलांत नर अधिक निपजतात, असें रोमर व बायझेनहर्झ या जर्मन संशोधकांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलें आहे. तें पडताळून पाहण्याचा त्या मुलाचा मानस आहे.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढें तुमच्यापैकीं कोणी चुकतांना मला दिसला, तर मी आधीं विचारीन. विसरलों, तर माझ्या टेबलावर ती मुरंब्याची बरणी मुद्दाम ठेविली आहे. तिच्याकडे बोट दाखवा.